कोरड्या सुईची साक्ष

१

बार्बा फाबियान, म्हणजे आम्हा सगळ्यांचा फाबियानकाका, मेल्याचं मला शुक्रवारी सकाळी मासळीबाजारात कळलं, आणि त्याला माझ्या भावाने मारलं असं पोलीस म्हणताहेत हे दुपारी दोनला कळलं. सकाळी घेतलेले सार्डिन तसेच ओट्यावर पडले होते. संध्याकाळी ते मांजराला घातले.

नोव्हेंबरात आमच्या रियेका शहरात युगो वाहतो. दक्षिणेचा ओला, जड वारा. भिंती घामेजतात, डोकी दुखतात, नवराबायको एकमेकांवर खेकसतात. त्या आठवड्यात सलग पाच दिवस युगो होता आणि बंदराकडे बघवत नव्हतं.

मी ल्येर्का सुपेरिना. इथल्या रेडिओच्या रेकॉर्ड-भांडारात एकतीस वर्षं काढली, आता घरी बसून लोकांच्या चुका काढते. माझा धाकटा भाऊ नेवेन सुया बसवतो. शिवणाच्या नव्हेत, रेकॉर्डच्या. भिंगाखाली बसून केसाएवढ्या दांडीच्या टोकावर हिऱ्याचा कण चिकटवायचा, हा त्याचा धंदा. चोपन्न वर्षांचा झाला, लग्न नाही, माझ्याशिवाय त्याला कोणी नाही. मलाही.

इन्स्पेक्टर डोरिचिच माणूस बरा होता. त्याने मला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "बाई, म्हातारा त्याच्या गाणी ऐकायच्या खोलीत सापडला. कोणीतरी ढकललं, डोकं लोखंडी रेडिएटरवर आपटलं. गुरुवारी तीन ते सातच्या दरम्यान गेला. आणि लगेच नाही गेला. डॉक्टर म्हणतात, तासभर तरी श्वास चालू असणार. कोणी अँब्युलन्स बोलावली असती तर कदाचित वाचला असता."

"मग त्यात माझ्या भावाचा काय संबंध?"

"पाच वाजता म्हातारा जिवंत होता. शेजारणीने भिंतीपलीकडे रेकॉर्ड लागलेली ऐकली. आणि सहा वाजता तुमचा भाऊ जिना उतरताना तिनेच पाहिला. त्याआधीच्या गुरुवारी चारचौघांत तो म्हाताऱ्याला काय म्हणाला होता, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. 'पुन्हा सुई भिजवलीत तर हात तोडीन तुमचा,' असं म्हणाला होता.

२

हे भांडण कशाचं ते सांगायला हवं, नाहीतर आम्ही सगळे वेडे वाटू. तसे आहोतच थोडे.

बार्बा फाबियान जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत राबला आणि निवृत्त झाल्यावर त्याने शांतता विकत घेतली. म्हणजे टर्नटेबल. नुसती थाळीच वीस किलोची. मोटर वेगळ्या डब्यात, तिची वायर वेगळी, मध्ये एक रेशमासारखा पट्टा. यंत्राखाली ग्रॅनाइटची लादी, रोज सकाळी तिच्यावर पाणसळ ठेवून तपासणी. जुन्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर दिवसभर चालूच. दर गुरुवारी चार माणसं ऐकायला जमायची, आणि त्यांच्यात एकच वाद.

बार्बा रेकॉर्ड ओली वाजवायचा. सुईच्या पुढे एक पोकळ दांडी चालते, ती खाचेत पाण्याची बारीक रेघ सोडत जाते. धूळ मऊ होते आणि आवाज लोण्यासारखा येतो. बाकीचे कोरडे. पाणी सुईच्या दांडीवर चढतं, गोंद सुटतो, म्हणून नेवेनचा संताप. बार्बाच्या एका सुईवर त्याने तीन आठवडे घालवले होते आणि बार्बाने ती दोन महिन्यांत बुडवली होती. मंगळवारी नेवेनने तोंड पाडून नवी बसवून दिली होती.

चौकीत तो भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हातावर ताजा ओरखडा होता.

"हे काय?"

"चिमटा लागला. ताई, तू पण?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. नेवेन लहानपणापासून तापट. एकदा रागाच्या भरात त्याने आमच्या बाबांचं घड्याळ खिडकीतून फेकलं होतं.

"सहाला कशाला गेला होतास?"

"नवी सुई दोन दिवस चालली की वजन परत तपासावं लागतं. बेल वाजवली, उघडलं नाही. वाटलं म्हातारा रुसलाय. निघून आलो." मग त्याने मान वर केली. "ताई, सुई कशी आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणूस मेलाय, तुझ्या मानेवर सुरी आहे, आणि तू सुई विचारतोस?"

"भिंगाखाली बघ तिला," तो हळूच म्हणाला. "सुई खोटं बोलत नाही."

३

मेर्सेडेसबाई बार्बाची शेजारीण. भिंतीला भिंत. वय ऐंशी, नजर अधू, पण कान मांजरीचे. मी गेले तेव्हा ती चार्डची पालेभाजी निवडत होती; मीही सुरी घेऊन देठ चिरायला बसले.

"तुझा भाऊ चांगला मुलगा आहे," ती म्हणाली. "पण मी पाहिलं ते पाहिलं. खोटं कसं बोलू?"

"खोटं नकोच. ऐकलं ते सगळं सांगा. पाच वाजता काय झालं?"

"दुपारी मी झोपते, चारला उठते. पाचचे टोले पडले आणि भिंतीतून आवाज आला. आधी वाटलं, पोट बिघडलेला बैलच हंबरतोय. खोल, घोगरा. मग तो वर वर चढत गेला आणि त्याचं गाणं झालं. त्या इस्त्रिया प्रांतातल्या बायकांचं, फाबियानचं लाडकं."

मी सुरी खाली ठेवली. "बैल? असा आवाज आधी कधी ऐकला होतात?"

"वीस वर्षांत नाही. आणि काय गं, गाणं नेहमीसारखं नव्हतं. तेलात मासे टाकल्यासारखं तडतडत होतं. म्हटलं, म्हाताऱ्याचं यंत्र बिघडलं. मग गाणं संपलं आणि नुसतं टक, टक, टक. दहा मिनिटं. मी भिंतीवर चप्पल मारली. साडेपाचला आपोआप बंद झालं."

मला घाम फुटला, आणि तो युगोमुळे नव्हता.

"शुक्रवारी सकाळी दार कोणी उघडलं?"

"मीच. चावी माझ्याकडे असते. डॉक्टर ब्लाझिना आला होता, म्हणाला, बेल वाजवतोय, उत्तर नाही. आत गेलो तर फाबियान रेडिएटरपाशी... डॉक्टर म्हणाला, बाई, तुम्ही घरी जाऊन फोन करा, मी थांबतो इथे." तिने छातीवर क्रॉस काढला. मग माझा हात घट्ट धरला. "पोलिसांना सांगितलं नाही, हसतील म्हणून. त्या घराला आता कुलूप आहे ना? सील आहे. पण काल पाच वाजता, ल्येर्का, आत दिवा लागला. साडेपाचला विझला. परवाही तसंच झालं होतं."

४

गुरुवारच्या चौघांतला कोर्नेल ब्लाझिना डॉक्टर होता तो संगीताचा, माणसांचा नव्हे. पण अख्खा देश त्याला कान म्हणून ओळखायचा. मासिकात त्याचं सदर येतं. तो 'वरचे स्वर जरा बोथट' असं लिहायचा आणि कुठल्यातरी कारखान्यात मोठ्या माणसांची झोप उडायची. गोरा, नीटनेटका, मफलर कायम. मला पहिल्यापासून आवडत नव्हता, पण ते काही पुरावा म्हणून चालत नाही.

त्याने स्वतः कॉफी केली. "नेवेन असं करेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "अर्थात, राग."

"गुरुवारी तुम्ही बार्बाकडे गेला नव्हता का?"

"छे. बैठक रद्द होती. शेजारच्या ओपातियात माझं व्याख्यान होतं, सुईचा कोन कसा लावावा यावर. चार ते नऊ. तीस माणसं होती." तो हसला. "तीसही कोरडेच."

"आणि चारच्या आधी?"

"घरी. तयारी करत होतो."

आतल्या खोलीत त्याचं कपडे धुण्याचं मशीन थांबलं आणि पिप, पिप, पिप असं बारीक ओरडायला लागलं. असला आवाज मला दोन क्षण सहन होत नाही. तो मात्र शांतपणे साखर ढवळत बसला. म्हटलं, माणसाचा स्वतःवर केवढा ताबा.

"शुक्रवारी सकाळी कशाला गेला होतात?"

"व्याख्यानासाठी नेलेली बार्बाची दुसरी पाणसळ परत करायला."

"खोलीत कशाला हात लावलात?"

"ल्येर्काबाई, मी काय लहान मूल आहे?" त्याने कप खाली ठेवला. "कशालाही नाही."

मशीन अजून ओरडत होतं. शेवटी मीच म्हणाले, "तुमचं मशीन बोलावतंय." त्याने पटकन मान वळवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मला तेव्हा समजलं नाही. भीती होती ती.

५

डोरिचिचला मी दोन तास पिडलं, तेव्हा कुठे त्याने सील काढलं. सकाळचे अकरा वाजले होते. खोलीत अजून बार्बाच्या तंबाखूचा वास होता. मला रडू आलं आणि मी ते थोपवलं नाही. डोरिचिच खिडकीबाहेर बघत राहिला.

सगळं पोलिसांच्या फोटोतल्यासारखंच होतं. थाळीवर बायकांची रेकॉर्ड. सुईचा हात आपल्या खुंटीवर, कडी लावलेली. पाण्याची दांडी बाजूला, हाडासारखी कोरडी. अॅम्प्लिफायर पोलिसांनी बंद केला होता. मोटरची वायर भिंतीतून काढून जमिनीवर टाकलेली.

"ही वायर तुम्ही काढलीत?"

"नाही. अशीच होती."

नेवेनचं भिंग मी बरोबर आणलं होतं. सुईवर धरलं. हिऱ्याच्या टोकाला पांढुरका चिखल चिकटला होता, पिठाच्या गोळीसारखा. दोन दिवस जुन्या सुईला. बार्बाच्या सुईला इतक्या वर्षांत मी कधी कण चिकटलेला पाहिला नव्हता. पाणी सगळं धुऊन नेत असे.

शेजारी बार्बाची वही होती. सुई किती तास वापरली, पट्टा कधी पुसला, तेल कधी घातलं, सगळं नोंदलेलं. शेवटची ओळ बुधवारची: 'के. तीनच्या वर शून्य. आधी त्याला एकट्याला सांगावं.'

"के म्हणजे कोण? तीनच्या वर म्हणजे तीन वाजल्यानंतर?" डोरिचिचने विचारलं.

रेकॉर्डच्या रांगेत एक रेकॉर्ड अर्धी बाहेर आलेली दिसली. गाण्याची नव्हती. रेडिओत आम्ही वापरायचो तसली, चढत जाणारी शिटी असलेली, यंत्र तपासायची रेकॉर्ड. यंत्र तपासता येतं तिच्यावर, आणि माणूसही. मला ते मशीन आठवलं. पिप, पिप, पिप.

"तीन हजार," मी म्हणाले. "साहेब, दिवा कुठे लागतो ते दाखवते चला."

बंद बाल्कनीत बार्बाचं लिंबाचं झाड होतं. हिवाळ्यात त्याला ऊन मिळावं म्हणून वर दिवा लावलेला, आणि दिव्याच्या प्लगला ते स्वस्त चक्राचं घड्याळ, ज्याच्या कडेचे दात नखाने दाबले की ठरल्या वेळी वीज सुरू होते. बार्बाचं लिंबू सकाळी सहा ते नऊ उन्हात असायचं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मी वाकून दात बघितले. फक्त पाच ते साडेपाच दाबलेले होते, संध्याकाळचे.

डोरिचिचने टोपी काढली. "गुरुवारी सगळ्यांना इथे बोलवा," मी म्हणाले. "पावणेपाचला. आणि माझ्या भावालाही आणा."

६

गुरुवारी शिपाई सोडून आम्ही पाच जण त्या खोलीत जमलो. मेर्सेडेसबाई जपमाळ घेऊन, नेवेन दोन पोरगेल्या शिपायांच्या मध्ये, डोरिचिच दाराशी. ब्लाझिनाला मी सांगितलं होतं की यंत्रात काही दोष आहे का ते ऐकायला तज्ज्ञ हवा. तो बार्बाच्या खुर्चीत बसला. दुसरी खुर्ची रिकामी असतानाही.

पाचचे टोले पडले. बाल्कनीत दिवा लागला आणि मेर्सेडेसबाई "येशू, मारिया" पुटपुटली. ब्लाझिना दिव्याकडे बघत राहिला. त्याने मफलर सैल केला.

"त्याकडे लक्ष नका देऊ," मी म्हणाले. अॅम्प्लिफायर तापला होता. मोटर बंद असतानाच मी सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवली. नेवेनने कळवळून डोळे मिटले. मग मी मोटरची वायर भिंतीत खुपसली.

जड थाळी सावकाश हलली. स्पीकरमधून खोल, घोगरा हंबरडा निघाला, वर वर चढला आणि बायका गायला लागल्या. त्यांच्या आवाजावर सगळीकडे चरचर, तडतड.

"हाच," मेर्सेडेसबाई म्हणाली. "हाच बैल. हेच मासे."

डोरिचिचने तोंड वाकडं केलं. एका शिपायाने कानात बोट घातलं. मी ब्लाझिनाकडे वळले. "डॉक्टर, तुमचं मत?"

त्याने डोळे मिटले होते. मान किंचित तिरकी, मासिकातल्या फोटोसारखी. "स्वच्छ," तो म्हणाला. "अगदी स्वच्छ. मागची शांतता बघा."

मला त्याची दया आली, हे कबूल करते. मग नेवेनचा ओरखडा दिसला आणि दया गेली.

"ओली वाजवलेली रेकॉर्ड कोरडी लावली की अशी तडतडते," मी म्हणाले. "आतला गाळ सुईला चिकटतो. बार्बाने तिच्यावर कोरडी सुई ठेवली नसती, आणि थांबलेल्या थाळीवर तर नाहीच. नेवेननेही नाही, आपल्याच हातची सुई अशी फरफटवण्यापेक्षा त्याने बोट कापून दिलं असतं. तेव्हा पाच वाजता रेकॉर्ड लावायला इथे कोणीच नव्हतं. सुई आधी टेकवून ठेवलेली, मोटर लिंबाच्या घड्याळाला जोडलेली. पाचला वीज आली, साडेपाचला गेली. बार्बा टकटक ऐकत दहा मिनिटं बसला असता का?"

"असलं कोणीही करू शकतं," ब्लाझिना म्हणाला.

"कोणी करावं? पाच वाजता बार्बा जिवंत आहे हे ज्याला दाखवायचं होतं त्यानेच. नेवेन सहाला इथे होता, त्याला त्याचा तोटाच. मेर्सेडेसबाई दिवसभर भिंतीपलीकडे. पाचला तीस माणसांसमोर उभा होता तो एकच. शुक्रवारी बाईंना फोन करायला पाठवलंत, सुईचा हात उचलून ठेवलात, वायर काढलीत आणि घड्याळ परत लिंबाला लावलंत. फक्त दात बदलायला वेळ मिळाला नाही."

"आणि मी फाबियानला का मारीन?"

"त्याने शिटीची रेकॉर्ड लावली आणि त्याला कळलं की सेकंदाला तीन हजार कंपनांच्या वरचं, बारीक असं तुम्हाला काही ऐकू येत नाही. वहीत लिहिलंय. आधी तुम्हाला एकट्याला सांगणार होता. भला माणूस होता तो."

रेकॉर्ड चालूच होती. ब्लाझिनाने मफलर काढून गुडघ्यांवर ठेवला.

"तो म्हणाला, सदर बंद कर, मी कोणाला सांगणार नाही," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी साधा झाला होता. "अडीच वाजले होते. मी त्याला फक्त बाजूला सारलं. तो पडला. मी काही जनावर नाही, ल्येर्काबाई. मी गुडघ्यावर बसलो. त्याच्या तोंडाशी कान नेला, पूर्ण एक मिनिट ऐकलं. श्वास नव्हता. श्वास असता तर मी अँब्युलन्स बोलावलीच असती. माझी खात्री झाली तेव्हाच मी..."

तो थांबला, कारण आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"डॉक्टरांनी लिहिलंय," डोरिचिच हळूच म्हणाला, "त्यानंतर तासभर तरी त्याचा श्वास चालू होता. मंद होता, पण होता. मनगट धरून पाहिलं होतंत?"

ब्लाझिनाने आपल्या बोटांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "मी ऐकलं."

गाणं संपलं. नेवेन उठला, शिपायांनी त्याला अडवलं नाही. त्याने सुई दोन बोटांनी उचलली, खुंटीवर ठेवली, कडी लावली आणि माझ्या खिशातून भिंग काढून तिचं टोक तपासायला लागला.